भागीचं घोडं

आपल्याकडं एक म्हण आहे, "भागीचं घोडं किवणानं मेलं." दोघांनी मिळून एक घोडं घेतलं. चार दिवस ह्याच्या दावणीला, चार दिवस त्याच्या. खोगीर घासून पाठीवर जखम झाली. ह्याला वाटलं तो औषध लावील, त्याला वाटलं ह्यानं लावलं असंल. जखम चिघळली, आत किडे पडले आणि घोडं गेलं. ह्या गोष्टीतली दोन्ही माणसं तशी वाईट नव्हती. दोघांनी वैरण वेळेवर टाकली असणार, पाणीही दाखवलं असणार. पण जखम कुणी बघायची, हे घोडं घेताना ठरलंच नव्हतं.

पोरगं वसतिगृहात घालायची गोष्ट निघाली की मला ही म्हण आठवते. जूनचा पहिला पंधरवडा आला की आमच्या फाट्यावर सकाळच्या एस.टी.ला पोरं दिसायला लागतात. आमच्या वेळी हातात पत्र्याची पेटी आणि बापाच्या खांद्यावर वळकटी असायची. आता चाकाची बॅग असते, एवढाच फरक. संध्याकाळच्या गाडीनं बाप एकटाच उतरतो. पारावर कुणी विचारलं तर म्हणतो, "सोडलं बाबा एकदाचं. आता त्यांचं ते बघतील." आणि त्याच वेळी तिकडं रेक्टर नव्या पोरांना रांगेत उभं करून सांगत असतो, "हे तुमचं घर नाही. इथं लाड चालणार नाहीत." बाप म्हणतो ते बघतील, रेक्टर म्हणतो हे घर नव्हं. मग त्या रात्री ते अकरा-बारा वर्षांचं पोरगं असतं कुणाचं?

पोराची जबाबदारी आईबाप आणि शाळा ह्यांच्यात वाटायची म्हंजे काय करायचं, ह्याचा विचार आपण फारसा करत नाही. फी भरतो, अर्जावर सही करतो आणि गाडी पकडतो.

पोरं घराबाहेर ठेवून शिकवायची रीत आपल्या भागात अडचणीपोटी आली. गावात चौथीच्या पुढं शाळा नाही, शहरात नातेवाईक नाही, खोली घ्यायला पैसा नाही. शाहू महाराजांनी हे ओळखलं आणि १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं. पुढं त्यांच्या आधारानं एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. भाऊराव पाटील त्याच्याही पुढं गेले. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकच वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. ह्या तारखा आपल्याला शाळेत पाठ करायला लावतात. पण त्या वसतिगृहाची मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट भाऊरावांची नाही, लक्ष्मीबाईंची आहे. पोरांच्या पोटाला धान्य उरलं नाही तेव्हा त्या माउलीनं अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. म्हंजे तिथं नुसती सोय नव्हती. पोरं उपाशी राहिली तर जिला झोप लागायची नाही असं एक माणूस तिथं होतं. वसतिगृह चांगलं का वाईट हे मी इमारतीवरून ठरवत नाही. तसं माणूस तिथं आहे का, एवढंच बघतो.

माझं वसतिगृह १९७३ ते १९७७. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरची सगळी मोठी माणसं पाझर तलावाच्या कामावर होती. खायला मिलो आणि सुकडी. दुष्काळ सरला तरी घर सावरलं नव्हतं. तालुक्याच्या गावच्या बोर्डिंगात दोन वेळची भाकरी मिळती हे कळल्यावर वडलांनी मला तिथं घातलं. शिक्षण हे दुसरं कारण होतं, पहिलं कारण पोट. आमच्यातली बहुतेक पोरं अशीच आलेली. पहाटे पाचला घंटा, विहिरीवर अंघोळ, प्रार्थना, अभ्यास, मग भाकरी आणि पातळ आमटी. अंगाला खरूज झाली की गंधक आणि खोबरेल तेल. त्या बोर्डिंगानं मला दहावीपर्यंत नेलं, त्याचं ऋण मी नाकारत नाही.

पण त्याच बोर्डिंगात मी एक भागीचं घोडं मरताना बघितलं.

आमच्या खोलीत सातवीतलं एक पोरगं होतं. गणितात पुरं डोकं. मास्तर फळ्यावर उदाहरण घालून वळायच्या आत ह्याचं उत्तर तयार. पण रात्री झोपेत अंथरूण ओलं व्हायचं. मोठ्या पोरांनी त्याला एक नाव पाडलं होतं, ते इथं लिहीत नाही. रोज सकाळी ओलं घोंगडं काखेत मारून त्याला सगळ्यांच्या समोरनं कुंपणापर्यंत जावं लागायचं. रेक्टरांपर्यंत गोष्ट गेली तेव्हा त्यांनी दोन छड्या दिल्या आणि व्हरांड्यात झोपायला सांगितलं. पौषाची थंडी होती. एका रात्री ते पोरगं उठलं आणि चालत घरी गेलं. पंधरा-सोळा मैल असंल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापानं त्याला सायकलवर बसवून परत आणलं. रेक्टरांच्या समोर उभं करून म्हणाला, "सायेब, हाडं आमची, कातडं तुमचं. पर ह्यो परत गावाकडं आला न्हाय पायजे." रेक्टर म्हणाले, "काळजी करू नका, बघतो मी." दोघांनी चहा घेतला. बाप सायकल घेऊन निघाला. ह्या सगळ्यात "तू गेलास का?" असं त्याला कुणीच विचारलं नाही. बापानं विचारलं नाही, रेक्टरांनीही विचारलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीला ते घरी गेलं ते परत आलं नाही. पुष्कळ वर्षांनी बाजारात भेटला. गवंड्याच्या हाताखाली काम करत होता. बोलता बोलता म्हणाला, "घरी आई रातचं एकदा उठवायची. तेवढंच लागायचं."

तेवढंच लागायचं! आईला माहीत होतं. बापालाही माहीत होतं. पण पोराला सोडताना त्यानं ते सांगितलं नाही. लाज वाटली असंल, किंवा हे सांगितलं तर पोराला घेणार नाहीत ही भीती असंल. बोर्डिंगात रोज दिसत होतं, पण त्यांनी घरी कळवलं नाही. अशा गोष्टी कळवायच्या असतात हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. एका पोस्टकार्डानं जे काम झालं असतं, त्यापायी एका पोराचं शिक्षण गेलं.

"हाडं आमची, कातडं तुमचं." हे वाक्य आमच्या पिढीतल्या प्रत्येक बापानं मास्तरला ऐकवलंय. त्यात मास्तरवरचा विश्वास होता, हे खरं. पोरगं शिकावं ही तळमळही होती. पण नीट बघितलं तर ही एक वाटणीच आहे. हाडं ह्यांची, कातडं त्यांचं. आतलं मन कुणाच्याच वाट्याला घातलेलं नाही. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत पोराला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही बंदी घातली आहे. म्हंजे कातडं मास्तरला द्यायचा बापाला अधिकार उरलेला नाही. तो कधी नव्हताच, असं मी म्हणतो. आपल्या मालकीचं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, एवढा व्यवहार शेतकऱ्याला कळतो.

आमच्याकडं शेळी अर्धलीनं पाळायला द्यायची पद्धत आहे. शेळी एकाची, चारणार दुसरा, होणाऱ्या करडांत दोघांचा निम्मा वाटा. ह्या व्यवहाराला कागद नसतो, पण दोन गोष्टी ठरलेल्या असतात. देणाऱ्यानं देतानाच शेळीची खोड सांगायची. ही मारकी आहे, हिला ओला पाला जास्त झाला की पोट फुगतं, ही पहिलं करडू जवळ घेत नाही. आणि पाळणाऱ्यानं शेळी आजारी पडली तर त्याच दिवशी सांगावा धाडायचा. उद्या नाही, परवा नाही, त्याच दिवशी. ह्या दोन गोष्टी पाळल्या तर अर्धली टिकती. एकानं लपवलं की मोडती. पोर म्हंजे शेळी नव्हं, हे मला कळतं. पण शेळीसाठी जेवढं पाळतो तेवढं तरी पोरासाठी पाळावं का नाही?

तेव्हा जबाबदारी वाटून घ्यायची म्हंजे कामं वाटून घ्यायची, असं आपण समजतो तिथंच घोटाळा आहे. खायला ते घालतील, पैसे आम्ही भरू. शिकवतील ते, कपडे आम्ही घेऊ. ही वाटणी सोपी आहे, ती आपोआप होते. खरी वाटून घ्यायची असती ती पोराची माहिती. त्याचं काय दुखतंय, ते कशाला भितं, कशानं गप्प होतं, हे दोन्हीकडं एकाच वेळी माहीत पाहिजे. काम अर्धं अर्धं करता येतं. माहिती मात्र दोघांकडंही पुरी असावी लागती.

आणि दोन्हीकडची माणसं नेमकी माहितीच लपवतात. बाप लपवतो, कारण प्रवेश मिळाला पाहिजे. पोराला फिट येती, पोरगं रात्री घाबरून उठतं, घरात रोज दारूवरनं भांडण असतं, थोरल्या भावानं फास घेतलेला आहे, ह्यातलं अर्जात काही येत नाही. अर्जात फक्त रक्तगट आणि उत्पन्नाचा दाखला. शाळा लपवती, कारण शाळेचं नाव राहिलं पाहिजे. मोठ्या पोरांनी लहान पोराला छळलं, जेवणात काही निघालं, कुणी वाईट हात लावला, तर पहिलं वाक्य कानावर येतं, "बाहेर बोलू नका." पोरांवर वाईट नजर टाकणाऱ्यांसाठी २०१२ साली पोक्सो कायदा झाला. त्या कायद्यात, माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा धरला आहे. हा कायदा पोरांनाही लागू आहे, फक्त पोरींना नाही. हे मी मुद्दाम लिहितो. पोरगं आहे, त्याला काय होतंय, असं म्हणणारे बाप मी पुष्कळ बघितलेत. पोरीला वसतिगृहात घालताना आई दहा चौकशा करती. पोराच्या बाबतीत दाराला कडी आहे का, हेसुद्धा कुणी बघत नाही. पोरगं रडलं तर "बाप्या माणसासारखा ऱ्हा" म्हणून गप्प करतात. मग ते खरंच गप्प होतं आणि घरचे समजतात की रुळलं.

आमच्याच बोर्डिंगात पुढच्या वर्षी नवे रेक्टर आले, त्यांची रीत सांगतो. रात्री अकराला ते कंदील घेऊन प्रत्येक खोलीतनं फिरायचे. अंगावरचं घोंगडं सरकलं असलं तर नीट करायचे. एका वहीत प्रत्येक पोराच्या नावानं एक पान ठेवलेलं. दर महिन्याला घरी पोस्टकार्ड जायचं. त्यात मार्कांचा विषय शेवटच्या ओळीत. आधी काय? "तुमचा मुलगा जेवतो चांगला, पण पंधरा दिवस कुणाशी बोलत नाही. घरी काही घडलं आहे का, ते कळवावे." ज्यांना वाचता येत नव्हतं ते गावच्या गुरुजींकडनं कार्ड वाचून घ्यायचे आणि उत्तरही त्यांच्याकडनंच लिहून घ्यायचे. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या पोराच्या बापानं असंच लिहून पाठवलं, की थोरला बैल विकावा लागला, पोराला आम्ही सांगितलेलं नाही, पण त्याला कुणाकडनं तरी कळलेलं दिसतंय. रेक्टरांनी त्या पोराला जवळ बसवून ते कार्ड वाचून दाखवलं. पोरगं हुंदके देऊन रडलं आणि दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागलं. त्या रेक्टरांचा पगार आधीच्या रेक्टरांएवढाच होता, पोरंही तेवढीच, इमारतही तीच.

माहितीनंतरची दुसरी गोष्ट म्हंजे एकानं बांधलेलं दुसऱ्यानं सोडू नये. ते तर फारच होतं.

बोर्डिंगात पोरगं आपलं ताट आपण घासतं. कपडे धुतं, खोली झाडतं, पाळी आली की भाकरीही थापतं. कमवा आणि शिका ही भाऊरावांची शिकवण होती आणि त्यांच्या पोरांनी खड्डे खणले, झाडं लावली, बांधकामं केली. हेच पोरगं दिवाळीला घरी येतं. जेवल्यावर सवयीनं ताट उचलतं, तर आजी ओरडती, "ठेव ते! बाप्यानं ताट उचलायचं असतं व्हय? बहीण हाय न्हवं." वर्षभर शिकवलेलं एका जेवणात गेलं. सुट्टी संपून परत जाताना ते पोरगं नुसता चिवडा-लाडवाचा डबा घेऊन जात नाही, बहिणीनं ताट उचलायचं असतं ही शिकवणही घेऊन जातं.

जातीचंही तसंच. साताऱ्याच्या त्या वसतिगृहाचं मोठेपण कशात होतं, तर सगळी पोरं एका पंगतीत जेवली ह्यात. आजही वसतिगृहात पोरं एकमेकांच्या ताटातलं खातात, एकमेकांचे सदरे घालतात. मग सुट्टीत एक दुसऱ्याला घेऊन गावी येतो. घरात आल्या आल्या आई हळूच विचारती, "कोण म्हनायचं हे?" आणि उत्तर ऐकून चहा वेगळ्या कपातनं येतो. ते दुसरं पोरगं काही बोलत नाही. पण आपल्या पोराच्या डोळ्यांत बघा. शाळेत शिकवलं ते खोटं का घरात दिसतंय ते खोटं, हे त्याला त्या दिवशी ठरवावं लागतं. ते एकट्यानं ठरवायची त्याच्यावर आणू नये.

उलट बाजूही आहे. घरानं बांधलेलं शाळाही सोडती. शेण काढणारं, वासराला दूध पाजणारं, आजोबांचे पाय चेपणारं पोरगं वसतिगृहात जातं आणि दोन वर्षांत गोठ्याला नाक मुरडायला लागतं. आमच्या बोलीची तिथं नक्कल करतात. "न्हाय" म्हणालं की वर्ग हसतो. मास्तरही हसले तर त्या पोराला आईच्या बोलण्याची लाज वाटायला लागती. मग पालकसभेला बाप धोतर-पटक्यात आला तर ते त्याला फाटकाजवळच गाठून परत पाठवतं. ह्यात त्या पोराचा दोष मी धरत नाही. शाळेनं प्रमाण भाषा जरूर शिकवावी, पण आईची भाषा खाली पाडून शिकवू नये. पोराच्या घराला कमीपणा आणून पोराला मोठं करता येत नाही.

आता ह्यावर दोन हरकती येतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली बापाची. "तुम्ही म्हणता भेटायला जा, बोला, चौकशी करा. एका दिवसाची हजेरी बुडती, गाडीभाडं वेगळं." आमच्या माणमधनं, जतमधनं, बीडकडनं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्यात परततात. त्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, त्यामुळं कोयत्याच्या मागं फिरणारी काही पोरं शाळेत टिकली. पण बाप कर्नाटकातल्या फडात आणि पोराला मध्यरात्री ताप भरला, तर बाप काय करील? अशा बापाला कुणी दोष देऊ नये. तिथं गावानं वाटा उचलावा. आजी, चुलता, शेजारचा मास्तर, कुणाचं तरी एकाचं नाव त्या पोरासमोर लिहिलेलं पाहिजे, आणि ते पोराला माहीत पाहिजे. आठवड्यातनं एकदा फोन तर फडातनंही होतो. फक्त फोनवर "पैसं पुरत्यात का, मार्क किती पडलं" एवढंच विचारून ठेवू नये. "झोप लागती का, कुणासंगं जेवतोस" हे विचारायला जास्तीचे पैसे पडत नाहीत.

माझी तक्रार दुसऱ्या बापांबद्दल आहे. घरी शेती बरी, दारात मोटारसायकल, आणि पोरगं मावा खायला लागलं, मोबाइल सोडंना, उलट बोलायला लागलं म्हणून त्याला हॉस्टेलात टाकणारे. ते खुशाल म्हणतात, "तिथं सरळ हुतंय." वसतिगृह म्हंजे बैल खच्ची करायची जागा नव्हं. बापाच्या खिशातही माव्याची पुडी असली तर पोरगं कुठंही नेऊन ठेवा, ते शिकायचं ते आधीच शिकलेलं असतं. पोट भरत नाही म्हणून पोरगं दूर ठेवणं वेगळं, आणि आपल्याला कंटाळा आला म्हणून दूर ठेवणं वेगळं. पोरालाही हा फरक कळतो. पहिलं पोरगं घरची आठवण काढून अभ्यास करतं. दुसरं आपल्याला टाकून दिलं हे मनात धरून बसतं.

दुसरी हरकत रेक्टरांची. "ऐंशी-नव्वद पोरं आणि मी एकटा. कुणाच्या मनात काय चाललंय ते बघत बसू का किराणा बघू?" हीही खरी अडचण आहे. एका माणसाच्या अंगावर एवढी पोरं घालणारी संस्था आणि मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवणारं सरकार, दोघांनाही ह्याचं उत्तर द्यावं लागंल. पण तोवर रेक्टरांनी एक तरी करावं. मोठ्या पोरांच्या ताब्यात लहान पोरं सोडून देऊ नयेत. शिस्त राखायला हा उपाय स्वस्त पडतो, मान्य आहे, पण त्याची किंमत लहान पोरं भरतात. मोठ्या पोराला लहान पोराचं बघायला जरूर सांगा, पण रात्री स्वतः उठून तो काय बघतोय हे बघा.

सगळ्यांत अवघड प्रसंग एकच असतो. पोरगं म्हणतं, "मला इथं ऱ्हायचं न्हाय." आता बापानं काय करायचं? लगेच घरी आणलं तर प्रत्येक अडचणीला पळ काढायची सवय लागती. ओढत परत नेलं तर कदाचित ज्याच्यापासनं ते पळालं त्याच्याच हाती आपण ते देतो. मी म्हणतो, त्या दिवशी दोन्ही करू नका. त्या रात्री त्याला घरी झोपू द्या. पोटभर जेवू घाला. काही विचारू नका, फक्त जवळ झोपा. दुसऱ्या दिवशी रानात न्या, काम करता करता विचारा. पोरं समोर बसवून विचारलं तर बोलत नाहीत, हातात काम असलं की बोलतात. नुसती घरची आठवण असंल तर ती बोलता बोलता हलकी होती, आणि पोरगं आपण होऊन परत जातं. दुसरं काही असंल तर तेही बाहेर येतं. मग त्याला बरोबर घेऊन रेक्टरांकडं जा, आणि त्याच्या समोर बोला. त्याच्या माघारी बोललात तर दोन मोठी माणसं आपल्या विरुद्ध एक झाली, असंच ते समजणार. आठवी-नववीच्या पुढं तर ते स्वतःच ह्या व्यवहारातलं तिसरं भागीदार होतं. त्यालाही त्याचा वाटा सांगावा. कळवायचं काम तुझं, ऐकायचं काम आमचं.

पोरगं पुढं फौजदार झालं, डॉक्टर झालं की चौकात फलक लागतात. एका फलकावर संस्था म्हणती आमचा विद्यार्थी, दुसऱ्यावर भावकी म्हणती आमचा सुपुत्र. पीक चांगलं आलं की वाटा मागायला दोघंही खळ्यावर हजर. तेच पोरगं बिघडलं तर शाळा म्हणती घरचे संस्कार नाहीत, आणि घरचे म्हणतात शाळेनं बिघडवलं. अर्धलीच्या व्यवहारात असं बोलणाऱ्याला गावात परत कुणी करडू देत नाही.

म्हणून येत्या जूनमध्ये ज्यांना पोराला सोडायला जायचंय त्यांना एवढंच सांगणं आहे. फी भरायच्या आधी रेक्टरांच्या शेजारी निवांत बसा. पोराची खोड सांगा, भीती सांगा, घरातलं दुःख असंल तर तेही सांगा, लाजू नका. पोरं जिथं जेवतात तिथं एक घास जेवा, संडास उघडून बघा, पोराच्या कॉटवर बसून बघा. आणि शेवटी रेक्टरांना एक प्रश्न विचारा, "सायेब, माझं पोरगं रात्री रडलं, तर तुमाला कळंल कसं?" ह्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं, तरच वळकटीची दोरी सोडा.